माइकवरचं बदक

गोटीची आई घरातून निघाली तेव्हा तिच्या एका खांद्यावर भलीमोठी पिशवी होती आणि दुसऱ्या खांद्यावर कुस्करलेल्या केळ्याचा डाग. डाग गोटीचा, पिशवी नोकरीची. पिशवीत दोन वेण्यांचा टोप, बिनकाचेचा जाड चष्मा, पिवळाधमक कोट, माइक आणि माइकचा ठोकळा.

ठोकळ्याचं आधी सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. रस्त्यावर हिंडणाऱ्या बातमीदाराच्या माइकच्या गळ्यात एक चौकोनी डबी अडकवलेली असते, तिच्यावर वाहिनीचं नाव असतं. ही डबी म्हणजे ठोकळा. गोटीच्या आईचा ठोकळा मात्र दुतोंडी. दुतोंडी कसला, चारतोंडी. एका बाजूवर तिच्या कार्यक्रमाचं खरं नाव, 'भोचकताई', आणि उरलेल्या तीन बाजूंवर अस्तित्वातच नसलेल्या तीन वाहिन्या. मेळावा सत्तेतल्या लोकांचा असला की 'प्रगती वार्ता' ही बाजू बोलणाऱ्याच्या नाकासमोर धरायची. विरोधकांचा असला की 'जनतेचा हुंकार'. आणि कोण कोणाच्या बाजूचा हेच कळेनासं झालं की 'आपलं शहर'. आपलीच वाहिनी म्हणून समोरचा हुरळून बोलत सुटायचा आणि पलीकडे कॅमेऱ्यात त्याच्या हनुवटीखाली 'भोचकताई' झळकत असायचं. घरी बसून मोबाइलवर बघणाऱ्याला तेवढ्यावरून कळायचं, की चला, सापडला एक.

पण ठोकळा हे नुसतं आमिष. भोचकताईची खरी करामत वेगळीच होती. ती प्रश्न अगदी साधा विचारायची. माणूस शहाण्यासारखं उत्तर द्यायचा. मग ती गप्प. माइक तसाच पुढे, चष्म्याआडचे डोळे बशीएवढे, आणि तोंडातून ब्र नाही. आता माणसाचं असं असतं, की त्याला उपास सोसतो, पण कोणी टक लावून गप्प राहिलेलं सोसत नाही. त्याला वाटतं, आपलं काहीतरी कमी पडलं. मग तो आणखी बोलतो, त्यातून आणखी, आणि शेवटी जे बोलायचं नव्हतं तेच बोलून बसतो. ऑफिसात या युक्तीला 'खड्डा' म्हणायचे. खणायचा आणि काठावर उभं राहायचं. पुढारी पडले, पुढाऱ्यांचे मेहुणे पडले, घोषणा देऊन घसा बसलेले कार्यकर्तेही पडले. लोक पोट धरून हसायचे.

गोटी झाली आणि भोचकताई रजेवर गेली. परत आली तेव्हा घराजवळची सगळी पाळणाघरं धुंडाळून झाली. एकीकडे गोटी रडून निळी पडायची, दुसरीकडे दूध ओकायची, तिसरीकडच्या बाईंनी तर दुपारीच फोन करून सांगितलं, की तुमचं पाखरू घेऊन जा. भोचकताईने राजीनामा मनातल्या मनात लिहूनही टाकला होता. तेवढ्यात मावशी सापडल्या.

मावशींचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या त्यांच्या राहत्या दोन खोल्या. आतल्या खोलीत गाद्या, बाहेरच्या खोलीत चिमुकल्या बुटांची रांग, भिंतीवर मुलांच्या उंचीला ठोकलेल्या खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर कापडाचा एक प्राणी. हे प्राणी मावशी स्वतः कापायच्या. कोणाचा ससा, कोणाचं कासव. तसाच दुसरा प्राणी मुलाच्या अंगावर छातीशी लावायचा, मागे दुहेरी चिकटपट्टी, म्हणजे कपडा धुताना काढून ठेवता येतो. गोटीला मिळालं बदक. तिच्या बाबांचा कोपराला फाटलेला शर्ट मावशींनी मागून घेतला आणि त्यातून हिरव्या चौकडीचं बदक कापलं. पहिल्या दिवशी गोटीने ते बदक बघितलं, मावशींना बघितलं, आणि रडायचं थांबली. तिची आई दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी होती. आतून रडणं ऐकू येईना म्हणून मग तिलाच रडू फुटलं.

तेव्हापासून गोटीचा एक नियम झाला. जे आवडेल त्याच्यावर बदक चिकटवायचं. बाबांच्या बुटावर, फ्रिजवर, एकदा तर जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजोबांच्या टकलावर. आजोबा तसेच बाजारात जाऊन आले.

पाळणाघरात आयांना नावं नव्हती. कासवाची आई, सशाची आई. गोटीची आई गोटीचीच आई राहिली, कारण गोटी हे नावच मावशींना कुठल्याही प्राण्यापेक्षा गोड वाटायचं. कुठे काम करतेस, असं मावशींनी एकदा विचारलं तेव्हा ती ऑफिसात म्हणाली. तेवढं खरंच होतं. पुढचं सांगणारही होती. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती गोटीला घ्यायला गेली, तर मावशी दुपट्यांच्या घड्या घालता घालता मोबाइलवर भोचकताई बघत होत्या. पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ हातात फलक धरून खड्ड्यात उतरत होते, हळूहळू, आपण उतरतोय हे न कळता. मावशींना हसू आलं नाही. त्यांनी घडी मांडीवर दाबली आणि म्हणाल्या, "हिच्या घरी कोणी म्हातारं माणूस नाही का गं?"

गोटीच्या आईने गोटीच्या बुटाचा बंद उगाचच दोनदा बांधला.

त्या दिवसापासून 'ऑफिस' हा शब्द तिच्या गळ्यात अडकला. कळलं तर मावशी गोटीला हाकलून देतील असं नाही. मावशी कोणाच्या लेकराला हाकलणाऱ्यातल्या नव्हत्याच. पण दारात "आलीस? ये" असं जे त्या म्हणायच्या, त्यातला ओलावा गेला तर? त्या ओलाव्यावरच तर गोटी दिवसभर तग धरायची. आणि खरं सांगायचं तर गोटीची आईसुद्धा.

आणि नेमका अशात सत्तेतल्यांनी एक नवा नियम काढला. राहत्या घरात कोणताही धंदा चालवायचा नाही. शिवण नाही, शिकवणी नाही, पाळणाघर नाही. रहिवाशांना त्रास होतो म्हणे. बायका चिडल्या, विरोधी पक्षाने त्यांच्या चिडण्याला झेंडे पुरवले, आणि मोर्चा ठरला.

गोटीच्या आईने साहेबांना विनवलं, की हा मोर्चा दुसऱ्या कोणाला द्या. साहेब म्हणजे कार्यक्रमाचे मालक, संपादक आणि स्वतःच्याच विनोदांचे पहिले श्रोते. ते म्हणाले, मागच्या वेळी सत्तेतल्यांची टोपी उडवली, आता दुसऱ्या बाजूची उडवली नाही तर लोक आपल्याला विकलेले म्हणतील. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून त्यांनी दुसरं सांगितलं. रजेवरून आल्यापासून खड्डा उथळ झालाय. बघणारेही कुरकुर करतायत. या वेळी जमलं नाही तर पिवळा कोट दुसऱ्या कोणाच्या अंगावर चढेल.

तिने मनाची समजूत घातली, की मावशी काही मोर्चाला जायच्या नाहीत. त्या गेल्या तर मुलांना कोण बघणार?

सकाळी घरात नेहमीची लढाई. गोटीला ठोकळा फार प्रिय. आई पिशवी भरायला लागली की ठोकळा गोटीच्या हातात, तोंडात, कधी कधी गादीखाली. आज तो चपलांच्या कपाटात सापडला. तिने तो न बघताच पिशवीत कोंबला. गोटीला सोडायची पाळी आज नवऱ्याची होती. तो एका हातात गोटी आणि दुसऱ्या हातात तिचा बूट धरून विचारत होता, की बदक कुठे गेलं, फ्रॉकवर नाही, फ्रिजवर नाही, आजोबांना विचारू का. ती म्हणाली, मावशी दुसरं देतील, आणि धावली. जिन्यातून तिला ऐकू आलं, की तो आणखी काहीतरी सांगतोय. पण हा नवरा नेहमीच आणखी काहीतरी सांगत असायचा आणि नेहमीच जिना उतरून झाल्यावर. 'सांगायचं राहिलंच' हे त्याचं ब्रीदवाक्य होतं.

गाडीत तिपाई वाट बघत होता. तिपाई म्हणजे कॅमेरावाला. कॅमेऱ्याची तिपाई न वापरता तासन्‌तास जागचा न हलणारा, म्हणून हे नाव. ती आरशात बघून टोप चढवत असताना तो म्हणाला, की तुमच्या खांद्यावर कोणीतरी जेवलंय. तिने कोट घातला. केळं झाकलं आणि गोटीची आईही झाकली गेली.

मोर्चा दवाखान्याच्या कोपऱ्यापासून बागेच्या फाटकापर्यंत निघणार होता. पुढे ट्रकवर पक्षाचे नेते, त्यांच्या हातात ध्वनिक्षेपक, मागे बायकांचा थवा. कोणाच्या गळ्यात मोजमापाची पट्टी, कोणाच्या हातात खडू. 'घर आमचं, सुई आमची' असा एक फलक होता. दुसऱ्यावरची अक्षरं शेवटी शेवटी लहान होत गेली होती, कारण लिहिणाऱ्याला जागेचा अंदाज आला नव्हता. तिने ठोकळा फिरवला. 'जनतेचा हुंकार' लोकांकडे, 'भोचकताई' कॅमेऱ्याकडे. हे ती डोळे मिटूनही करू शकत असे. डबीच्या एका कोपऱ्याला टवका उडाला होता, त्यावर अंगठा आला की बाजू बरोबर.

पहिले सापडले शिकवणीवाले सर. नियमाचा अभ्यास केलाय का, असं तिने चिरक्या आवाजात विचारलं. सर म्हणाले, संपूर्ण. ती गप्प राहिली. सर म्हणाले, म्हणजे महत्त्वाचा भाग. ती गप्प. सर म्हणाले, म्हणजे आमच्या हिने वाचला आणि मला सांगितला. ती गप्पच. शेवटी सरांनी कबूल केलं, की ती सांगत होती तेव्हा ते सामना बघत होते. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या विद्यार्थिनी खिदळल्या. स्वतः सरही हसले. तिपाईने कॅमेऱ्याआडून अंगठा दाखवला. खड्डा पुन्हा खोल झाला होता.

मग शिंपीकाका. एवढ्या बायकांत अंग चोरून उभे, इस्त्रीचा सदरा, खिशाला टोचलेली सुई. बायकांच्या मोर्चात तुम्ही कसे, हा प्रश्न. काका म्हणाले, मीपण घरातच शिवतो. तिने माइक तसाच धरला. काकांनी इकडेतिकडे बघितलं, सुई चाचपली, आणि म्हणाले, खरं सांगू का ताई, घरी बसून कंटाळा येतो. एवढं बोलून ते कसनुसे हसले. तिपाईचा दुसरा अंगठा वर गेला. ते कसनुसं हसू तिला टोचलं, पण मोर्चा पुढे सरकला होता आणि मन मागे ठेवून पाय पुढे टाकायची तिला सवय होती.

आणि मग तिला दोरी दिसली.

फुटपाथच्या कडेने एक जाड सुती दोरी चालली होती. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी, आणि प्रत्येक गाठीला एक मूल. ससा, कासव, हत्ती, सगळे छातीशी आपापला प्राणी लावून, गाठ घट्ट धरून, गंभीर चेहऱ्याने. मागचं टोक सशाच्या आईच्या हातात, पुढचं मावशींच्या. आणि मावशींच्या कडेवर, उजव्या हातात कागदाचं भिरभिरं घेतलेली, गोटी.

गोटीच्या आईने तोंड फिरवलं आणि तिपाईला म्हणाली, झालं आपलं काम, निघू या. तिपाई म्हणाला, वेड लागलंय का, चिल्लीपिल्ली घेऊन आलीये बाई, याहून सोनं काय मिळणार आहे. आणि हा जागचा न हलणारा माणूस चक्क चालायला लागला. भोचकताई पाठोपाठ गेली नाही तर तोच काहीतरी विचारून बसला असता. कोट, टोप, चष्मा, चिरका आवाज, एवढं सगळं आहे, असं तिने स्वतःला बजावलं. मावशी ओळखणार नाहीत. विचारायचं, पटकन आवरायचं, निघायचं.

ती मावशींसमोर उभी राहिली. माइक पुढे धरला. ठोकळा गच्च दाबला.

एवढ्याशा मुलांना राजकारणात आणलंत, आता मतदानालाही दोरीनेच नेणार का, असं तिने विचारलं. प्रश्न तिपाईने कानात सांगितलेला होता. आवाज कुठल्या तरी भलत्याच बाईचा वाटला.

मावशींनी शांतपणे उत्तर दिलं, की मुलं राजकारणात आलेली नाहीत, माझ्याबरोबर आलीत. मी जाते तिथे येतात. प्रत्येकाच्या घरी विचारून आणलंय. बागेच्या फाटकाशी पोचलं की बिस्किटं खाऊन परत.

घरी विचारून, हे ऐकून तिच्या डोळ्यांपुढे नवरा आला, जिन्याच्या वरच्या पायरीवर, हातात बूट, तोंड उघडलेलं. सांगायचं राहिलंच.

आणि यांच्या आया, भोचकताईच्या तोंडून निघून गेलं. त्यांना चालतं हे? त्या कुठे असतात?

प्रश्न सवयीचा होता. त्यानंतरचं गप्प राहणं मात्र सवयीचं नव्हतं. माइक पुढे, डोळे मोठे, आणि आवाज फुटेना. गोटी तिच्याकडे बघतच नव्हती. गोटी ठोकळ्याकडे बघत होती. तिने भिरभिरं सोडून दिलं, बोट ठोकळ्याकडे नेलं आणि अगदी समाधानाने काहीतरी पुटपुटली. मावशींनी बोटाच्या दिशेने बघितलं. मग भोचकताईच्या हातांकडे बघितलं. मग चष्म्याकडे. तिपाईला वाटलं, पडल्या, आता पडल्या खड्ड्यात.

पण मावशीही गप्प राहिल्या. हट्टी लेकरू झोपेपर्यंत अंधारात बसून राहायची सवय असलेली बाई ती, तिला गप्पपणाचं काय भय. ट्रकवरचे नेते ओरडत होते, घोषणा डोक्यावरून जात होत्या, आणि त्या दोघी माइकच्या दोन्ही बाजूंना नुसत्या उभ्या होत्या.

मग मावशी बोलल्या.

"हिची आई कामाला जाते. काय काम करते ते मी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी दारात आली की आधी पोरीच्या दोन्ही तळव्यांचा मुका घेते आणि मग माझ्याशी बोलते. मला तेवढं पुरतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ताई, जरा धरता का हिला? मागची एक गाठ सैल झालीय."

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी गोटी तिच्या हातात दिली.

आता कडेवर मूल घेणं ही गोष्ट अशी आहे, की तिथे सोंग चालत नाही. भोचकताईची कंबर आपसूक बाहेर आली, माइक काखेत गेला, मान डावीकडे कलली. गोटीने मानेत नाक खुपसलं, वास घेतला, एक लांब सुस्कारा सोडला, एका हाताने टोपाची वेणी पकडली आणि अंगठा तोंडात घातला. जगात काही घडलंच नाही अशी. मावशींनी जाता जाता दोरीचं पुढचं टोकही तिच्या मुठीत कोंबलं.

मोर्चा काही थांबला नव्हता. मागची गर्दी ढकलत आली आणि भोचकताईला चालावंच लागलं. पिवळा कोट, कडेवर पोर, मुठीत दोरी, दोरीला सगळं प्राणिसंग्रहालय. बायका आधी बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. भोचकताई, आता बोला की, काखेतल्या ठोकळ्यावरचं नाव वाचून कोणीतरी म्हणालं. कोणी तिच्या कोटाच्या खिशात झेंडा खोचला. ट्रकवरच्या नेत्यांनी संधी साधून जाहीर केलं, की बघा, भोचकताईसुद्धा आपल्या बाजूने आल्या. नेमका त्याच क्षणी कासवाने दोरी सोडून मोठ्याने 'शू' असं सांगितलं. सगळा मोर्चा हसला. नेतेही. गोटीने वेणी ओढली, टोप एका कानावर आला, आणि त्या टोपाखालून जे हसू बाहेर पडलं ते भोचकताईचं नव्हतं.

फाटकाशी मावशींनी गोटीला परत घेतलं. आभारी आहे, ताई, एवढंच म्हणाल्या. कोणत्याही अनोळखी बाईला म्हणाव्या तशा. गोटीने भोकाड पसरलं, ते भोचकताईला रस्ता ओलांडल्यावरही ऐकू येत होतं.

ऑफिसात साहेब डोळे पुसत होते, हसून हसून. खड्ड्यात शेवटी भोचकताई, म्हणत होते, लोक डोक्यावर घेतील. ती म्हणाली, हे दाखवायचं नाही. का, ते विचारल्यावर तिने टोप काढून टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं, की ती माझी मुलगी आहे. तिपाई खुर्चीत सरळ बसला. साहेबांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी चित्रफीत पुन्हा लावली. मावशींचं बोलणं दोनदा ऐकलं. त्यांनाही एक मुलगी होती, आता परगावी होती, आणि ती फारशी फोन करत नसे. ही गोष्ट त्यांनी विनोदातसुद्धा कधी काढली नव्हती. अखेरीस म्हणाले, पोरीचा चेहरा दिसणार नाही, पाठमोरंच ठेवू. त्या बाईंना विचारून ये, त्या नको म्हणाल्या तर नाही. आणि कोटाचं काय, तिने विचारलं. कोट तुझाच, साहेब म्हणाले, दुसऱ्या कोणाला कडेवर घेता येईल असं वाटत नाही.

हुश्श म्हणायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात पिशवीत भरताना ठोकळा हातात फिरला. 'जनतेचा हुंकार' वर आलं. आणि हुंकारावर, अगदी मधोमध, हिरव्या चौकडीचं बदक.

सकाळपासून ते लोकांच्या बाजूला होतं. सरांना दिसलं असणार, काकांना दिसलं असणार, त्यांना वाटलं असेल वाहिनीची खूण. तिला आणि तिपाईला दिसत होती ती दुसरी बाजू. गोटीचं बोट, मावशींची नजर, तिचे हात, चष्मा. एकेक गोष्ट तिला आता उलट्या क्रमाने आठवली आणि प्रत्येक आठवणीगणिक ती खुर्चीत खचत गेली. मावशींना सगळं कळलं होतं. गोटीला तिच्या हातात देण्याच्या आधीच कळलं होतं.

संध्याकाळी पाळणाघराच्या दारात ती आली तेव्हा बदक तिच्या मुठीत होतं. बाकीची मुलं गेली होती. गोटी कोपऱ्यात भांड्यावर झाकण ठेवायचं आणि काढायचं काम करत होती. मावशी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. आलीस, ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. तिच्याकडे बघितलं आणि गप्प राहिल्या.

खड्डा कसा असतो ते तिला पहिल्यांदाच आतून कळलं. ती उंबऱ्यातच बोलायला लागली. आधी नुसती चूक झाली म्हणाली. मग ऑफिसचं सांगितलं, मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं, मग तुम्ही त्या दिवशी बोललात ते लागलं हे, आणि लागलं म्हणून नव्हे, खरं होतं म्हणून सांगता आलं नाही हे. मग आणखी. घरी कोणी नाही, सासर-माहेर दोन्ही लांब, गोटी इथे रडत नाही म्हणून मी तिथे हसवू शकते, तुम्ही तिला ठेवणार नसाल तर मी समजू शकते, पण तिला सवय झालीय.

"संपलं?" मावशींनी विचारलं.

तिने मान हलवली.

"त्या दिवशी मी काय विचारलं होतं? हिच्या घरी कोणी म्हातारं माणूस नाही का म्हणून. तेव्हाच नाही म्हणायचंस." मावशींनी दुपटं बाजूला ठेवलं. "मी आहे की. म्हातारी. आणि ये आत, डास येतायत."

एवढंच. गोटीची आई आत आली आणि खुंट्यांखाली भुईवरच बसली. गोटी झाकण टाकून धावत आली. तिचे तळवे पुढे झाले, आधी एक, मग दुसरा, रोजच्यासारखे. मुके घेऊन झाल्यावरच आईला वर बघायचं भान आलं.

मावशी हसत होत्या. खूप वेळ दाबून ठेवलेलं हसू होतं ते. टोप कानावर आला तेव्हा त्यांना इतकं हसू आलं होतं म्हणे, की सैल नसलेली गाठ पुन्हा पुन्हा बांधावी लागली. चित्रफीत दाखवायला त्यांची हरकत नव्हती, फक्त 'शू' म्हणणाऱ्या कासवाच्या आईला विचारा, म्हणाल्या. आणि मग घडी घालता घालता, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, की मोर्चात त्या शिंप्याशी बोलताना दिसलीस, काय विचारलंस त्यांना. तिने सांगितलं. कंटाळा येतो, तेही सांगितलं.

बायको गेलीय त्यांची, मावशी म्हणाल्या. दोघं एकाच खोलीत समोरासमोर शिवायची. आता एकच मशीन वाजतं. माणूस त्याला कंटाळा म्हणतो, दुसरं काय म्हणणार.

ती उठली नाही. गोटीला मांडीवर घेऊन तिथूनच तिने तिपाईला फोन लावला आणि शिंपीकाका काढून टाक म्हणाली. तिपाईने कारण विचारलं नाही. म्हणाला, माझ्याही मनात होतं, आणि मग जरा घुटमळून विचारलं, की तुमच्या खांद्यावर सकाळी जेवलं होतं ते हेच का.

निघताना तिने मूठ उघडून बदक मावशींपुढे धरलं. चिकटपट्टी धूळ खाऊन निकामी झाली होती. मावशींनी नवी लावून दिली. गोटीने ते झडप घालून घेतलं. आता हे कोणाच्या वाट्याला येतं म्हणून दोघी बघत राहिल्या. गोटीने आधी मावशींचा गुडघा बघितला, मग पिशवी बघितली, पिशवीतून डोकावणारा ठोकळा बघितला. मग तिने ते आईच्या खांद्यावर, वाळलेल्या केळ्याच्या डागावर, तळव्याने थापून थापून चिकटवलं.

तसंच लावून ती घरी आली. नवरा दार उघडून उभा होता, चेहऱ्यावर अपराधी भाव, हातात गोटीचा दुसरा बूट.

"अगं, सकाळी एक सांगायचं राहिलंच," तो म्हणाला. "मावशी आज मुलांना मोर्चाला नेणार होत्या. मी हो म्हणून बसलो. चालेल ना?"

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली आणि इतकी हसली, इतकी हसली, की शेजारचे आजोबा टकलावरून हात फिरवत बाहेर आले, आपल्यावर पुन्हा काही चिकटलंय की काय ते बघायला.